फणसाला जॅक कोणी म्हटलं

मी गोव्यात फोंड्याजवळच्या एका कुळागरात, म्हणजे पोफळी-मसाल्यांच्या बागेत, गाइड आहे, नऊ वर्षं झाली. पर्यटकांचा ग्रुप आला की गळ्यात झेंडूची माळ, हातात गवती चहा, मग तासभर पोफळी, मिरीचे वेल, जायफळ, वेलची, दालचिनी दाखवत फिरवायचं आणि शेवटी केळीच्या पानावर जेवण वाढायचं. पाटाच्या पलीकडे एक जुना फणस आहे, बुंध्यापासून लगडतो, तिथे सगळेच फोटो काढायला थांबतात आणि कोणीतरी हमखास विचारतं, याला जॅकफ्रूट का म्हणतात? नऊ वर्षं मी एकच उत्तर देत आले की विल्यम जॅक नावाचा एक स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञ इंग्रजांच्या काळात इकडे आला होता, त्याच्या नावावरून जॅकफ्रूट. मला हे आधीच्या गाइडने शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्याने. लोक माना डोलवायचे, पुढे जायचे.

गेल्या वर्षी मे महिन्यात केरळचं एक कुटुंब आलं होतं. त्यांच्यातली आजी सत्तरीच्या पुढची, पांढरं मुंडू नेसलेली, गुडघे दुखत असावेत कारण नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. मी माझी जॅकची गोष्ट सांगितली, ती नातवाने तिला मल्याळममध्ये सांगितली, तशी ती दोन पावलं पुढे झाली, फणसावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "चक्क." एवढंच. मला वाटलं फणसाला त्यांच्यात काय म्हणतात ते सांगतेय, मी मान हलवली. ती परत म्हणाली, "चक्क. जाक्क. जाक्क." मग नातू म्हणाला, मॅडम, अम्मम्मा म्हणते की हा आमचाच शब्द आहे, माणसाचं नाव नाही.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कोणी चूक दाखवली म्हणून नाही हो, पण नऊ वर्षांत किती माणसं त्या झाडाखाली उभी राहिली असतील, शाळेच्या सहलींची पोरं वह्या काढून लिहून घ्यायची, आणि मी स्वतः एकदाही तपासून बघितलं नव्हतं.

घरी येऊन फोनवर शोधलं. ऑनलाइन डिक्शनरीत एका ओळीत होतं, पोर्तुगीज जाका, मल्याळम चक्क. संपलं. पण दुसऱ्या दोन साइटवर विल्यम जॅकही होता. दुसऱ्या दिवशी कामावर सांगितलं तर आमच्यातले एक सीनियर दादा म्हणाले, अगं इंटरनेटवर दोन्ही लिहिलंय ना, मग आपलीच गोष्ट बरी, लोकांना माणसाची गोष्ट आवडते. मालकही म्हणाले राहू दे. यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना तीस जणांचं जेवण बघायचं असतं. पण मला ते राहू देववेना. दोन गोष्टी आहेत, दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत, मग यातली कुठली खरी हे ठरवायचं तरी कसं?

तर बुधवारी माझी सुट्टी असते, कदंबाच्या बसने पणजीला गेले, पाटोवरच्या कृष्णदास शामा लायब्ररीत. ही लायब्ररी १८३२ सालची, आता नवी मोठी बिल्डिंग आहे. काउंटरवर म्हटलं, मला एका इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायचंय, भारतातून गेलेला शब्द आहे. त्यांनी हॉब्सन-जॉब्सन बघा म्हणून सांगितलं. नाव ऐकून मला आधी कळेना हे पुस्तक आहे की कंपनी. हा हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोन इंग्रजांनी केलेला कोश, १८८६ मध्ये छापला, बर्नेल तोवर वारला होता. भारतातल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेले सगळे शब्द यात आहेत आणि प्रत्येक शब्दाखाली तो कोणी, कुठे, कुठल्या साली लिहिला ते उतारे जुन्यापासून नव्यापर्यंत ओळीने दिलेत. ही पद्धत मला इतकी आवडली की काय सांगू, म्हणजे शब्दाची जन्मपत्रिकाच मांडून ठेवल्यासारखी, आपल्याला फक्त वरपासून खाली वाचत यायचं.

मुलीची जुनी वही नेली होती तिच्यात मागच्या पानावर उतरवून घेतलं. चक्कसारखा शब्द सगळ्यात आधी लिहिणारा जोर्दानुस नावाचा पाद्री, कोल्लमला बिशप म्हणून नेमलेला, १३२८ च्या सुमाराचा. तो लिहितो की इथे चाकी नावाचं एक फळ आहे, इतकं मोठं की एक पाच जणांना पुरतं. मग इब्न बतूता हा प्रवासी, तोही चौदाव्या शतकातलाच, त्याच्याकडे शकी. अरबीत आपला च नाही म्हणून श. मग मारिन्योली नावाचा आणखी एक पाद्री, तोही त्याच शतकातला, तो म्हणतो ओकएवढं झाड आणि फळ फांद्यांना नाही तर खोडाला लागतं, हे वाचताना मला आमचा पाटापलीकडचा फणसच दिसत होता. तिघंही वेगवेगळ्या देशांचे, एकमेकांचं पाहून लिहिलेलं नाही, जो तो आपल्या कानाने ऐकून आपल्या लिपीत लिहितोय, आणि तिघांच्याही लिहिण्यात तो चक्क वाजतोय.

मग खाली इंग्रज येतात. जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर, १६७० च्या दशकात इकडे फिरला, त्याचं पुस्तक छापलं १६९८ ला. त्यात मद्रासजवळच्या झाडांचं वर्णन करताना तो जॉक्स म्हणतो आणि लिहितो की या जड फळाला हेजहॉगसारखं काटेरी चिलखत असतं. इथे मी पेन खाली ठेवलं. कारण विल्यम जॅकची सालं मी आदल्या रात्रीच लिहून आणली होती, जन्म १७९५ अबर्डीनचा, मृत्यू १८२२. सत्तावीस वर्षांचं आयुष्य बिचाऱ्याचं, कंपनीचा डॉक्टर, सुमात्रा आणि मलायाच्या झाडांवर खूप काम केलं, मोठा माणूसच होता तो. पण फ्रायरचं पुस्तक त्याच्या जन्माच्या आधी ९७ वर्षं छापून झालेलं होतं. जो माणूस जन्मलाच नाही त्याचं नाव फळाला कसं देणार? माझा प्रश्न तिथे सुटला. अर्थ काय, उच्चार काय, तज्ज्ञ काय म्हणतात, ते सगळं नंतर, आधी साल बघायचं, ही गोष्ट मला त्या टेबलावर कळली आणि आता कोणी कुठल्याही शब्दाची गोष्ट सांगितली की मी आधी विचारते, पहिल्यांदा कधी लिहिला?

मला वाटतं जॅकची गोष्ट जन्मली ती त्या शब्दाच्या रूपामुळेच. जॅक म्हणजे इंग्रजीत घरोघरचं नाव, आपल्याकडे बाबू असतो तसं. परका शब्द तोंडात घोळून घोळून ओळखीच्या नावासारखा झाला की लोकांना वाटणारच कोणीतरी जॅक असणार. आपणही पाव, बटाटा, चावी म्हणताना कुठे थांबतो, तिन्ही पोर्तुगीज पण वाटतात आपलेच.

आता राहिला उच्चार. फोंड्याला आमच्या दवाखान्यात एक मल्याळी नर्स आहे, तिला मी म्हटलं जरा हळू म्हणून दाखव आणि फोनवर रेकॉर्ड केलं. तिचा च म्हणजे चाकातला च नाही, चारमधला च. श्रीखंडाच्या चक्क्यासारखा शब्द दिसतो पण तसा नाही वाजत, शेवटचा स्वरही तोकडा, आणि दोन क असे की मध्ये क्षणभर श्वास अडतो. आणि गंमत अशी की तिने सलग चार-पाच वेळा म्हटल्यावर मधलं एखादं मला जक्क असंच ऐकू आलं. रेकॉर्डिंग परत परत लावलं, मुलीलाही ऐकवलं, तिलाही. नवख्या कानाला च आणि ज मधलं अंतर फार नसतं तिथे. आजी "जाक्क" म्हणून मला तेच दाखवत होती, तिने शब्द पोर्तुगिजांच्या तोंडचा करून दाखवला होता, हे मला तेव्हा समजलं नाही.

इथवर चक्क ते जाका ते जॅक अशी साखळी झाली. मी थांबले असते तर चाललं असतं. पण मला एक सारखं टोचत होतं. पोर्तुगीज राहिले कुठे, तर गोव्यात, साडेचारशे वर्षं. राजधानी इथे, चर्च इथे, छापखाना इथे. फणस तर आमच्या प्रत्येक परसात. मग त्यांच्या भाषेत पणस का नाही गेला? आपण मराठीत फणस म्हणतो, कोकणीत पणस, संस्कृतात पनस. इंग्रजीत पॅनस असं काहीतरी व्हायला हवं होतं की नाही? इतक्या वर्षांच्या शेजारात आपला शब्द कोणाच्या कानावरच पडला नाही?

याचं उत्तर गार्सिया द ओर्ताकडे मिळालं. पणजीत चर्चसमोर जी बाग आहे ती गार्सिया द ओर्ताच्या नावाची, लहानपणी आजोबांबरोबर तिथे बसून मी चणे खाल्लेत, पण हा कोण ते कधी कोणी सांगितलं नव्हतं. पोर्तुगालचा वैद्य, १५३४ ला गोव्यात आला, आयुष्यभर इथेच राहिला, इथल्या औषधांवर आणि झाडांवर पुस्तक लिहिलं आणि ते १० एप्रिल १५६३ ला गोव्यातच छापून झालं. छापखाना गोव्यात येऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती. सगळं पुस्तक दोन माणसांच्या संवादात आहे, एक ओर्ता स्वतः आणि दुसरा रुआनो नावाचा नवीन आलेला कल्पित डॉक्टर मित्र, तो विचारतो आणि ओर्ता सांगतो. ओर्ताचं घराणं मूळचं ज्यू. १५६८ ला तो वारला, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, आणि १५८० ला त्याची हाडं उकरून काढून जाळली. मी हे लायब्ररीतच वाचलं आणि मला पुढचं पान लगेच उलटवलं नाही. ज्या माणसाने आमच्या फणसाच्या आठळीचीसुद्धा नोंद करून ठेवली त्याच्या हाडांचं हे झालं.

आठळीचं सांगते. मार्कमने १९१३ मध्ये या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलंय ते स्कॅन केलेलं मिळालं. फणसाच्या प्रकरणात रुआनो विचारतो, हे एवढं मोठं फळ कुठलं? ओर्ता म्हणतो, अरे आत्ताच तू याच्या आतले चेस्टनट (तिकडे भाजून खातात ती पिठूळ फळं) खाल्लेस ना, भाजलेले, आणि अगदी चेस्टनटसारखेच लागतात म्हणालास, आता त्यांच्यावरचं आवरण खा. म्हणजे आधी भाजलेल्या आठळ्या दिल्या आणि मग गरे! मग रुआनो म्हणतो, खरबुजासारखं लागतंय पण चांगल्या खरबुजाची सर नाही. ओर्ता म्हणतो खरंय, शिवाय चिकट असल्यामुळे पचायला जड, मी फारसा खात नाही. आणि मग ती ओळ येते ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय: याला मलबारात जाका म्हणतात, आणि कानारी व गुजराती भाषेत पणस.

पणस. १५६३ ला, गोव्यात छापलेल्या पुस्तकात.

पण मी लगेच खूश झाले नाही कारण तो कानारी शब्द आडवा आला. कानारी म्हणजे कन्नड ना? आणि कन्नडमध्ये तर फणसाला हलसु म्हणतात, आमच्याकडे कारवारकडचे कामगार आहेत ते म्हणतात. जुन्या कन्नडमधल्या प चा पुढे ह झाला, त्यामुळे हलसु आणि पनस लांबून नात्यातले असतीलही, पण हलसु ऐकून कोणी पणस लिहिणार नाही. मग ओर्ताने ऐकण्यात चूक केली का? हा गुंता दोन आठवडे राहिला. सुटला तो पणजीच्या जुन्या फोंतेन्हास भागात.

तिथे माझ्या मैत्रिणीची एक म्हातारी आंटी राहते, ऐंशीच्या पुढची, पोर्तुगीज काळात पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेली. मूळ पोर्तुगीज पानाची प्रिंट घेऊन गेले, म्हटलं जरा वाचून सांगा. जुनी लिपी, स च्या जागी फ सारखं दिसणारं अक्षर, आंटीने भिंग घेतलं आणि बोट ठेवून ठेवून वाचत गेली. जाकाचा उच्चार तिने झाका केला. मग बोट थांबलं आणि म्हणाली, "पळे गो, हांगा पणस बरयलां!" म्हणजे बघ गं, इथे पणस लिहिलंय! इतका आनंद झाला तिला की भिंग माझ्या हातात देऊन मला बघायला लावलं. मी तिला कानारीचं विचारलं तर तिला त्यात काही गुंताच दिसला नाही. म्हणाली, अगं पोर्तुगीज गोंयकारांनाच कानारीं म्हणायचे, आणि आमच्या भाषेला लिंग्वा कानारीं. घरी येऊन ताळा पाहिला. फादर स्टीफन्स, ज्यांनी आपल्या मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, त्यांनी कोकणीचं व्याकरणही लिहिलं होतं, ते १६४० ला रायतूरला छापलं गेलं, आणि त्याच्या नावातच कोकणीला लिंग्वा कानारीं म्हटलंय. झालं. ओर्ताच्या ओळीतली कानारी म्हणजे आमचीच भाषा, इथल्या बायका बाजारात बोलत होत्या ती. त्याने ऐकण्यात काडीची चूक केली नव्हती.

म्हणजे आपला शब्द त्यांच्या कानावर पडला होता, कागदावरही उतरला होता, छापूनही झाला होता. तरी पुढे गेला जाका.

कारण नीट बघितलं तर त्याच पानावर आहे. ओर्ता या फळाला स्वतः काय म्हणतो? प्रकरणाच्या मथळ्यातच जाका. पणस ही त्याने वर दिलेली माहिती आहे, जाका हा त्याचा स्वतःचा शब्द आहे. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ ला, गोवा त्यांनी घेतला १५१० ला. मधली बारा वर्षं त्यांचं सगळं मलबारात, कालिकत, कोची, कन्नूर. फणस त्यांनी पहिल्यांदा तिथे बघितला, तिथल्या बाजारात नाव विचारलं, तिथल्या माणसाने चक्क सांगितलं. गोव्यात येईपर्यंत त्या फळाला त्यांच्या भाषेत नाव होतंच, मग परसातल्या पणसाकडे बघून ते पणस कशाला म्हणतील, ते म्हणणार अरे ही तर जाका! आंब्याचंही तेच झालं. आपण आंबा म्हणतो, कोकणीत आंबो, पण पोर्तुगिजांनी मल्याळममधला मांगा उचलला आणि तोच इंग्रजीत मँगो. गोव्यात त्यांनी आंब्याला नावं दिली ती जातींची, आफोंसचा हापूस, पेरेसची पायरी, पण फळाचं नाव ठरून गेलं होतं. बारा वर्षांनी हुकलं आपलं.

हे सगळं शोधताना आणखी एक नाव भेटलं, आसगावचे मोन्सिन्योर (ही पाद्रींची मानाची पदवी) दाल्गादो, १८५५ चा जन्म, एवढा मोठा भाषापंडित आपल्या गोव्यातल्या बार्देसात जन्मला आणि मी त्यांचं नाव या शोधात पहिल्यांदा नीट वाचलं, याचं मला वाईट वाटतं. कोकणी-पोर्तुगीज कोश त्यांचा, आशियातल्या भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांवर मोठा ग्रंथ त्यांचा, आणि आशियातून पोर्तुगीजमध्ये आलेल्या शब्दांचा दोन खंडांचा कोशही त्यांचाच, १९१९ ते १९२१ मध्ये निघाला. शाळेत आम्हाला यांचा एक धडा असायला हवा होता.

एका ठिकाणी मी मोहाला बळी पडता पडता राहिले, ते सांगायलाच हवं. माझं माहेर कुडाळकडचं, तिथे आम्ही फणसाचे दोन प्रकार म्हणतो, कापो आणि बरको, कडक गऱ्याचा तो कापा आणि बुळबुळीत गोड तो बरका. इब्न बतूताने दोन नावं दिलीत, शकी आणि बर्की. बर्की! मी वाचनखोलीत जवळजवळ ओरडलेच. आमचा बरका चौदाव्या शतकात! रात्रभर मी या खुशीत होते. पण सकाळी परत वाचलं तर तो म्हणतो जमिनीजवळ लागतात ते बर्की, ते जास्त गोड, आणि वर लागतात ते शकी. हा गऱ्याचा फरक नाहीच, जागेचा आहे. नर्सला विचारलं तर त्यांच्यात वरिक्क म्हणून जात आहे खरी, पण ती कडक गऱ्याची, म्हणजे आमच्या कापाची. नाव सारखं, माल उलटा. मी वहीत त्यावर काट मारली. ऐकायला सारखं वाटतं एवढ्यावर नातं जोडलं तर मग मी आणि जॅकची गोष्ट रचणारा यांच्यात फरक तो काय राहिला.

या सगळ्यात फणसाचा सीझन संपत आला होता. एका रविवारी सासूबाईंनी शेवटचा रसाळ फणस फोडला, गोणपाट अंथरून, हाताला आणि कोयत्याला खोबरेल लावून. त्यांचं एक बघण्यासारखं असतं, मधला दांडा त्या एका झटक्यात काढतात आणि मग चीक कागदाने टिपत टिपत बाहेरच्या बाजूने दाबतात तसे गरे आपोआप वर येतात. गरे साटांसाठी वेगळे, आठळ्या टोपलीत. मी शेजारी बसून त्यांना ओर्ताचा तो संवाद मराठीत वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या, हात चालूच. चेस्टनट म्हणजे काय ते मी समजावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पाहुण्याला आधी भाजलेल्या आठळ्या दिल्या आणि मग गरे. घरात बाई कोण होती त्याच्या? हे काय डॉक्टरला सुचलेलं नाही." मी गप्पच झाले. खरंच, ओर्ताच्या स्वयंपाकघरात आठळ्या भाजणारी कोणीतरी असणारच, आणि पणस हा शब्द त्याला तिच्याकडूनच मिळाला असणार, असं मला तेव्हापासून वाटतं. पुरावा नाही याला, वहीत लिहिलेलं नाही.

मालकांना मी सगळं सालवार मांडून दाखवलं, फ्रायरचं १६९८ आणि जॅकचं १७९५ शेजारी शेजारी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले बोर्ड बदलून घे. जुना बोर्ड उतरवला. नव्यावर पेंटरला लिहून दिलं: चक्क, मल्याळम. जाका, पोर्तुगीज. जॅक, इंग्रजी. आणि खाली स्वतंत्र ओळ, पणस, गोवा, १५६३. पेंटर म्हणाला ही खालची कशाला, ती तर त्या साखळीत नाही. मी म्हटलं नाही साखळीत, म्हणूनच खाली घे, पण घे.

सीनियर दादाही आता हीच गोष्ट सांगतात, आणि केरळचे पाहुणे असले की त्यांच्याकडून चक्क म्हणवून घेतात.

अजून एक राहिलं. ओर्ताच्या त्या प्रकरणाच्या मथळ्यात जाका एकटा नाही, पुढे जांबोलांव आहे. आंटीने ते मोठ्याने वाचलं तेव्हा आम्ही दोघी एकदम एकमेकींकडे बघितलं, कारण जांबोलांव म्हणजे आपलं जांभूळ, कोकणीतली जांबळां, हे कोणाला विचारायला नको. हा शब्द मलबारचा नाही, आपल्या बाजूचा. आणि तो गेलाय, लांब गेलाय, इंग्रजीत जांबोलन आहे आणि वनस्पतीशास्त्रात जांभळाच्या जुन्या शास्त्रीय नावात जांबोलाना आहे. आमच्या पार्किंगच्या कडेला दोन जांभळी आहेत, टूरमध्ये मी तिथे कधी थांबत नव्हते, गाडीतून उतरलेल्या लोकांच्या कपड्यांना डाग पडतात म्हणून उलट लवकर पुढे न्यायची. आता टूर तिथून सुरू करते. या मे महिन्यात पहिल्याच ग्रुपमधल्या एका मुलाने खाली पडलेलं जांभूळ उचलून विचारलं, आणि याचं नाव कुठून आलं?

"इथूनच," मी म्हटलं. "धुऊन खा."